दोन ऑपरेशनांच्या मधले महिने: एका रजिस्ट्रीची केस स्टडी

बाळ पहिल्या मोठ्या ऑपरेशनमधून वाचलं, आयसीयूतून वॉर्डात आलं, वॉर्डातून घरी गेलं, आजीने दृष्ट काढावी इतपत छान दिसायला लागलं, आणि मग घरीच एखाद्या साध्या जुलाबात नाहीतर सर्दीतापात काही तासांत दगावलं. अमेरिकेत २००० सालच्या आसपास अर्धं हृदय घेऊन जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हे इतक्या वेळा व्हायचं की डॉक्टर लोक ते जवळपास धरूनच चालायचे. वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे आकडे वेगवेगळे, पण घरी पाठवलेल्या दर सात-आठ बाळांमागे एक दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचत नाही असे अनुभव चांगल्या चांगल्या सेंटरांचे होते. ही केस त्याच काळाची आहे, म्हणजे पहिलं ऑपरेशन होऊन बाळ घरी गेल्यापासून दुसऱ्या ऑपरेशनपर्यंतचे तीन-चार महिने, आणि त्या महिन्यांसाठी मुद्दाम उभारलेल्या एका रजिस्ट्रीची, म्हणजे अनेक हॉस्पिटलांनी मिळून ठेवलेल्या पेशंटांच्या सामाईक नोंदवहीची. मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड आणि डेटाच्या कामातली आहे, त्यामुळे माझं लक्ष ऑपरेशनपेक्षा वहीकडे जास्त जातं, हे आधीच सांगते.

आधी आजार थोडक्यात. हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम, म्हणजे हृदयाची डावी बाजू आईच्या पोटातच नीट तयार होत नाही. डावा कप्पा इवलासा, त्याच्या झडपा बंद किंवा अगदी अरुंद, महाधमनीचा सुरुवातीचा भाग कधीकधी दोन-तीन मिलिमीटरचा. अमेरिकेत वर्षाला साधारण हजार बाळं अशी जन्मतात. जन्मल्यावर पहिले काही तास किंवा एखाद-दोन दिवस बाळ ठीक दिसतं कारण गर्भातली एक जोडवाहिनी, डक्टस, अजून उघडी असते आणि तिच्यातून उजवा कप्पाच सगळ्या अंगाला रक्त पुरवत असतो. ती मिटायला लागली की खेळ संपला. म्हणून प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावून ती उघडी ठेवायची आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत ऑपरेशन करायचं. १९८० च्या आधी याला उपायच नव्हता, बॉस्टनच्या विल्यम नॉरवूड यांनी तो शोधला आणि १९८३ मध्ये त्याचा यशस्वी वृत्तांत छापून आला. त्या ऑपरेशनलाही नॉरवूडच म्हणतात. त्यात उजव्या कप्प्यालाच मुख्य पंप बनवतात, नवी महाधमनी घडवतात, आणि फुफ्फुसांना रक्त जावं म्हणून एक बारीकशी कृत्रिम नळी बसवतात, तिला शंट म्हणतात. मग चार-सहा महिन्यांचं झालं की ग्लेन ऑपरेशन, त्यात अंगाच्या वरच्या भागातून परतणारं रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवतात, आणि दोन ते चार वर्षांच्या दरम्यान फॉन्टन, त्यात खालच्या भागातलंही. तीन टप्पे. तिन्ही झाले तरी हृदय नॉर्मल होत नाही, एकाच कप्प्यावर आयुष्य काढायचं असतं.

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधला काळ इतका नाजूक का, तर तेव्हा एकच कप्पा अंगालाही रक्त पाठवतो आणि फुफ्फुसांनाही. एका मोटरवर दोन इमारतींच्या टाक्या लावल्यासारखं, जिकडे पाइपला अडथळा कमी तिकडे पाणी जास्त जाणार आणि दुसरी टाकी कोरडी पडणार. बाळाला जुलाब झाले, दूध कमी गेलं, अंगातलं पाणी घटलं, ताप चढला, की हा तोल बिघडतो, शंटमध्ये गुठळीही होऊ शकते, आणि अशा बाळाकडे शिल्लक ताकद म्हणून काही नसतेच. धडधाकट बाळ ज्या जुलाबातून दोन दिवसांत उठून बसतं त्यात हे बाळ संध्याकाळपर्यंत संपू शकतं.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत तेव्हा नोंदी नव्हत्या का? होत्या की, चांगल्या होत्या. सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सचा जन्मजात हृदयदोषांच्या ऑपरेशनांचा डेटाबेस नव्वदच्या दशकापासून आहे आणि जगातल्या मोठ्या डेटाबेसांपैकी एक आहे. पण तो सर्जन मंडळींचा, ऑपरेशनभोवती बांधलेला. ऑपरेशननंतर तीस दिवसांच्या आत, किंवा मग कितीही दिवसांनी पण डिस्चार्जच्या आधी पेशंट गेला तर तो ऑपरेशनचा मृत्यू. त्यांच्या कामापुरती ही व्याख्या अगदी बरोबर आहे. पण समजा बाळ पंचविसाव्या दिवशी घरी गेलं आणि पंच्याहत्तराव्या दिवशी घरी दगावलं, तर त्या हिशोबात हे ऑपरेशन यशस्वी. दुसऱ्या ऑपरेशनच्या हिशोबात ते बाळ येतच नाही कारण तिथपर्यंत ते पोचलंच नाही. म्हणजे दोन्ही वह्या स्वच्छ आणि मधे एक बाळ गायब. एकेका सेंटरला वर्षाला अशी दहा-पंधरा बाळं, त्यातली एखाद-दोन जायची, प्रत्येक वेळी कारण वेगळं वाटायचं, एकदा जुलाब, एकदा न्यूमोनिया, एकदा नुसतं झोपेत, आणि त्यामुळे कोणालाच त्यात पॅटर्न दिसत नव्हता. लहान आकड्यांत पॅटर्न दिसत नाहीच, सगळं नशीबच वाटतं.

पहिली हलचल मिलवॉकीत झाली. तिथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ विस्कॉन्सिनमध्ये नॅन्सी घनायेम, जेम्स ट्वेडेल आणि त्यांच्या टीमने २००० च्या सुमारास एक अतिशय साधी गोष्ट सुरू केली. बाळ घरी जाताना सोबत एक वजनकाटा, एक पल्स ऑक्सिमीटर आणि एक वही. आईबापांनी रोज वजन आणि ऑक्सिजन मोजून लिहायचं. तीन नियम दिले: ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या खाली, एका दिवसात ३० ग्रॅमपेक्षा जास्त वजन कमी, किंवा तीन दिवसांत निदान २० ग्रॅम वाढलं नाही, तर यातलं काहीही झालं की वाट न बघता फोन करायचा. २००३ मध्ये त्यांनी निकाल छापला. आधीच्या काळात घरी गेलेल्या ५७ बाळांपैकी ९ दगावली होती, वही सुरू केल्यावरच्या २४ पैकी एकही नाही. आणि त्या २४ पैकी १३ जणांचे आकडे या नियमांच्या मर्यादेपलीकडे गेले होते, म्हणजे वही नसती तर ती किती उशिरा हॉस्पिटलात आली असती कोण जाणे.

मला यातला वजनाचा नियम सगळ्यात आवडतो. ऑक्सिजनचं मशीन दिसायला भारी, पण तीन दिवसांत २० ग्रॅम हा नियम कुठल्याही आजीला कळेल, बाळ बाळसं धरत नाहीये म्हणजे काहीतरी बिघडलंय. फक्त आजीचा अंदाज आणि काट्यावरचा आकडा यात फरक असा की आकडा फोनवर सांगता येतो आणि पलीकडच्या डॉक्टरला तो झटकून टाकता येत नाही. "बाळ जरा किरकिर करतंय" या वाक्यावर रात्री दोन वाजता बेड मिळत नाही, "कालपासून ४० ग्रॅम कमी झालंय" यावर मिळतो.

अर्थात एका हॉस्पिटलचा, आधी आणि नंतर असा तुलनेचा अभ्यास, त्यात ऑपरेशनचं तंत्रही त्याच काळात सुधारत होतं, त्यामुळे श्रेय सगळं काट्याला देता येत नाही. पण बातमी पसरली आणि बऱ्याच सेंटरांनी आपापल्या पद्धतीने काटे वाटायला सुरुवात केली.

मग २००६ मध्ये बालहृदयरोगाच्या संघटनांच्या संयुक्त मंडळाने ठरवलं की आपण सगळ्यांनी मिळून एक सुधारणा प्रकल्प घ्यायचा. त्याचं नाव नॅशनल पेडियाट्रिक कार्डिऑलॉजी क्वालिटी इम्प्रूव्हमेंट कोलॅबोरेटिव्ह, बोलताना दमायला होतं म्हणून यापुढे मी नुसतं जाळं म्हणते. मध्यवर्ती काम सिनसिनाटी चिल्ड्रन्स हॉस्पिटलकडे. विषय कोणता घ्यायचा यावर निवड आली ती नेमकी याच महिन्यांवर, नॉरवूडनंतर घरी गेल्यापासून ग्लेनपर्यंत. हजारो पेशंट असलेला सोपा आजार घेता आला असता, आकडे मोठे दिसले असते, पण यांनी दुर्मिळ आजार घेतला आणि त्यातलाही कोणाच्याच वहीत नसलेला तुकडा, आणि ही निवड मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात धाडसी निर्णय वाटतो. २००८ पासून बाळांची नोंद सुरू झाली.

पहिल्या १०० बाळांच्या नोंदी आल्या तेव्हाच लोकांचे डोळे उघडले. कोणी किती उपचार केले हा भाग सोडा, प्रत्येक सेंटर वेगळंच काही करत होतं. ऑपरेशनआधी काय करायचं, ऑपरेशनमध्ये काय, नंतर आयसीयूत काय, घरी जाताना कोणती औषधं, दूध तोंडाने की नळीने, घरी काटा द्यायचा की ऑक्सिमीटर की दोन्ही की काहीच नाही, पुढची तपासणी कधी, बाळाच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाला काय कळवायचं आणि कोणी कळवायचं, सगळ्यात फरक. आणि प्रत्येक टीमला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण करतो तीच सर्वमान्य पद्धत. यावर त्यांनी वेगवेगळे तीन-चार पेपर लिहिले, नुसत्या फरकांवर. माझ्या अनुभवात रजिस्ट्रीतून निघालेली पहिली उपयोगी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते, उत्तर नाही मिळत, पण आपण सगळे एकच काम करतोय हा गैरसमज जातो.

फरक होता म्हणूनच तुलना करता आली. उदाहरणार्थ वजन. काही सेंटरांमधली बाळं चांगलं वजन धरत होती, काहींमधली नाही, आणि बाळं तर सगळीकडे सारखीच आजारी. मग चांगल्या सेंटरांमध्ये वेगळं काय चालतं ते शोधलं तर निघालं काय, तर डिस्चार्जआधी बाळ दूध कसं पितं याची ठरलेली तपासणी, घरी वजनाची नोंद आणि किती घटलं की धोका याचे पक्के आकडे, आणि कोणीतरी, बहुतेकदा नर्स किंवा आहारतज्ज्ञ, नियमितपणे घरी फोन करून दुधाबद्दल विचारतंय. एवढंच! कुठलं नवं औषध नाही की मशीन नाही.

जाळ्याचं काम कसं चालायचं हेही सांगायला हवं कारण रजिस्ट्री म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक फॉर्म येतो, कोणीतरी ज्युनिअर माणूस महिनाअखेरीला तो भरतो, तो वर कुठेतरी जातो आणि परत काही येत नाही. इथे उलटं होतं. टीमा वर्षातून दोनदा एकत्र बसायच्या, दर महिन्याला फोनवर बोलायच्या, आणि प्रत्येक सेंटरला स्वतःचे आकडे आलेखावर परत मिळायचे, महिन्यामागून महिना, त्यामुळे एखादा वाईट महिना म्हणजे योगायोग की खरंच घसरण हे ठरवता यायचं. छोटा बदल करून बघायचा, दोन-चार बाळांवर, जमलं तर पुढे न्यायचा. आणि पुढे जाऊन त्यांनी एक अवघड पाऊल उचललं: एकमेकांचे निकाल नावानिशी एकमेकांना दाखवायचे. विचार करा, प्रतिस्पर्धी हॉस्पिटलं, वकिलांचा देश, आणि तुमचा मृत्युदर शेजारच्या सेंटरच्या डॉक्टरसमोर स्क्रीनवर. पण कोणाचं चांगलं चाललंय हे माहीतच नसेल तर शिकणार कोणाकडून?

दुसरं म्हणजे आया. सिस्टर्स बाय हार्ट नावाची एक संस्था आहे, याच आजाराच्या मुलांच्या आयांनी उभी केलेली, नव्याने निदान झालेल्या कुटुंबांना मदतीचं पार्सल पाठवण्यापासून सुरुवात केलेली. जाळ्याने त्यांना कार्यक्रमाला बोलावून फोटो काढून घेतले असं झालं नाही, त्या टीममध्ये बसल्या. आणि त्यांनी विचारलेले प्रश्न डॉक्टरांच्या डोक्यात नव्हते. डिस्चार्जचे कागद रात्री तीन वाजता वाचता येतात का? रविवारी फोन कोण उचलतं? गावातल्या इमर्जन्सीत गेलो तर तिथला डॉक्टर ७५ टक्के ऑक्सिजन बघून घाबरून भरमसाठ ऑक्सिजन लावेल, तेव्हा त्याला काय दाखवायचं? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही, कारण या मुलांना ७५ ते ८५ हेच नॉर्मल आणि जास्त ऑक्सिजन दिला तर फुफ्फुसांकडे रक्त धावतं आणि बाकीचं अंग कोरडं पडतं. मग घरी नेण्याच्या कागदपत्रात धोक्याच्या खुणांचं पान, फोन नंबर, बाळाचे नेहमीचे आकडे, अशी सगळी तयारी ठरावीक झाली. आपल्याकडे आईला फाइल सांभाळायला देतात, फाइलमध्ये काय असावं हे तिला विचारत नाहीत.

निकाल. २०१५ मध्ये जाळ्याने छापलं की या काळातला मृत्युदर ९.५ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आला. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त घट. वजन न वाढण्याचं प्रमाणही सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. साठाहून जास्त सेंटरं पुढे यात आली. कुठलंही नवं ऑपरेशन न शोधता, कुठलंही महागडं औषध न आणता.

इथे थांबलं तर छान गोष्ट होते आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. पण त्याच वर्षी त्याच रजिस्ट्रीतून आणखी एक पेपर आला आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात थेट विचारलं होतं, घरी मोजमाप केल्याने मृत्यू कमी होतात का? उत्तर आलं, दिसत नाही. वजन मोजणाऱ्यांचं वजन चांगलं वाढलं, पण मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं यात मोजमाप करणारे आणि न करणारे यांच्यात फरक सापडला नाही. म्हणजे ज्या काट्यापासून हे सगळं सुरू झालं त्याच काट्याचा पुरावा त्याच रजिस्ट्रीत सापडेना. मग मिलवॉकीचं काय? माझं वाचन असं की तोपर्यंत जवळपास सगळेच काहीतरी मोजत होते, न मोजणारे फार कमी आणि त्यांच्याकडेही बाकीच्या सुधारणा पोचलेल्या, त्यामुळे तुलनेला दुसरी बाजूच उरली नव्हती. शिवाय काटा नुसता काटा नसतो, त्यामागे फोन उचलणारी नर्स असते, आणि फॉर्ममध्ये काटा दिला हो किंवा नाही एवढंच लिहिलेलं असतं, नर्सने किती रिंगमध्ये उचलला ते नसतं. पण हे माझं मत झालं, आकडा तसं म्हणत नाही. आणि त्यांनी तो आकडा दाबून ठेवला नाही, स्वतःच्या यशाच्या शेजारी छापला, याला मी जास्त मार्क देते.

आणखी एक शंका मला पहिल्यापासून होती. रजिस्ट्रीत कोण येत होतं? पहिल्या टप्प्यात फक्त घरी गेलेली बाळं. मग एखाद्या सेंटरने सगळ्यात नाजूक बाळांना घरी सोडलंच नाही, ग्लेनपर्यंत वॉर्डातच ठेवलं, तर त्यांचा घरचा मृत्युदर आपोआप सुधारतो. यात लबाडी नाही, बऱ्याचदा तोच शहाणा निर्णय असतो, पण आकडा वाचताना हे डोक्यात ठेवायला लागतं. आणि आईबापांची संमती घेऊनच नाव घालायचं असल्याने सगळी बाळं आलीच असं नाही, जी पटकन दगावली त्यांच्या आईबापांकडे संमतीचा कागद घेऊन कोण जाणार? पुढच्या टप्प्यात जाळ्याने ही चौकट मोठी केली, निदान झाल्यापासूनच, म्हणजे पोटात असल्यापासून बाळ मोजायला घेतलं, घरी गेलं असो नसो. ज्या फटीसाठी रजिस्ट्री काढली होती तशीच एक फट त्यांच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत होती आणि ती त्यांना सापडली, हे बरं झालं.

आता डिजॉक्सिन. हे औषध म्हणजे आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यातलं, डिजिटॅलिसच्या झाडापासूनचं, १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने त्यावर लिहिलं तेव्हापासून हृदयरोगात वापरात. या बाळांना ते द्यायचं की नाही यावर एकमत नव्हतं, कोणी सवयीने द्यायचं, कोणी नाही. पुन्हा तोच फरक कामाला आला. २०१६ च्या सुमारास दोन विश्लेषणं आली, एक जाळ्याच्या रजिस्ट्रीतून, एक वेगळ्या अभ्यासाच्या डेटातून. तो वेगळा अभ्यास म्हणजे दोन प्रकारच्या शंटांची तुलना करणारी मोठी चाचणी, १५ सेंटरं, ५५५ बाळं, २०१० मध्ये निकाल आला होता की जपानच्या शुन्जी सानो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शंटवाली ७४ टक्के बाळं वर्षभर प्रत्यारोपणाशिवाय जगली आणि जुन्या शंटवाली ६४ टक्के, पुढच्या काही वर्षांत तो फरक पुसट झाला. त्या चाचणीचा डेटा नंतर सगळ्यांना खुला केला गेला, आणि त्यात कोणी तरी डिजॉक्सिन मिळालेल्या आणि न मिळालेल्या बाळांची तुलना केली. हृदयाच्या ठोक्यांची गडबड नसलेल्या बाळांत डिजॉक्सिन न मिळालेल्यांपैकी १२.३ टक्के दगावली होती, मिळालेल्यांपैकी २.९ टक्के. रजिस्ट्रीतही तोच कल.

आता बघा, हे वाचून कोणालाही वाटेल की उद्यापासून सगळ्यांना द्या. पण चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती, डॉक्टरांनी आपल्या मनाने दिलं होतं, आणि कोणाला दिलं ती मुलं मुळातच कमी आजारी होती का, की डिजॉक्सिन देणारी सेंटरं इतर बाबतीतही जास्त काटेकोर होती, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. याच आजारगटात एनालॅप्रिल या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या औषधाचं उदाहरण ताजं होतं. एका कप्प्याच्या बाळांना एनालॅप्रिल देणं चांगलं असं बऱ्याच लोकांना वाटायचं, मग २३० बाळांवर नीट चिठ्ठ्या टाकून चाचणी केली, २०१० मध्ये निकाल आला, वाढीत काही फरक नाही. त्यामुळे डिजॉक्सिनबद्दल सावध राहणाऱ्यांचं मी समजू शकते. दुसरीकडे औषध स्वस्त, जुनं, धोके माहीत असलेलं, फक्त डोस फार जपून द्यावा लागतो, आणि समोर दर आठांमागे एक मृत्यू. सेंटरांनी काय केलं, तर वापर वाढवला. नव्या चाचणीसाठी लागतील तेवढी बाळं मिळवायला कित्येक वर्षं गेली असती, आणि अर्ध्यांना खोटं औषध द्यायला किती आईबाप तयार झाले असते? दुर्मिळ आजारात रजिस्ट्रीवर विसंबून निर्णय घ्यावा लागतो तो असा, पुरावा अर्धामुर्धा आणि बाळ समोर.

फॉन्टननंतरचं काय, हा पुढचा भाग. ही मुलं आता मोठी होतायत, कॉलेजला जातायत, नोकऱ्या करतायत. फ्रान्समधल्या बोर्दो इथे फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं तेव्हा ते वेगळ्या दोषासाठी होतं, ट्रायकस्पिड झडपच नसलेल्या पेशंटसाठी, आणि त्या मार्गाने गेलेले लोक चाळीस-पन्नास वर्षांनी कसे असतात हे आताआताच कळायला लागलंय. शिरांमधला दाब कायम जास्त राहतो त्यामुळे लिव्हर हळूहळू खराब होतं, कोणाच्या आतड्यातून प्रोटीन झिरपतं, कोणाच्या ठोक्यांची लय बिघडते. हे कळायला कोणीतरी तेच लोक दशकानुदशकं मोजत राहायला हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने ते केलं, दोन्ही देश मिळून एकच फॉन्टन रजिस्ट्री, मेलबर्नहून चालवलेली, तिकडे १९७५ पासून झालेल्या ऑपरेशनांपर्यंत मागे जाऊन. २०१४ मध्ये त्यांनी १,००६ लोकांचा पाठपुरावा छापला. छोट्या लोकसंख्येचा फायदा असा, सगळे एका वहीत मावतात. अमेरिकेतही जाळ्याच्याच धर्तीवर फॉन्टन झालेल्यांसाठी नवं जाळं सुरू झालंय.

मोठ्यांच्या रजिस्ट्रीतली खरी डोकेदुखी मात्र औषधाची नाही, पत्त्याची आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांच्या हॉस्पिटलातून मोठ्यांच्या हॉस्पिटलात जायचं, आणि त्या उडीत कितीतरी जण गळतात. त्यांना बरं वाटत असतं, घर बदलतं, शहर बदलतं, आईने फाइल सांभाळलेली असते आणि स्वतःला ऑपरेशनचं नावही नीट माहीत नसतं. मग दहा वर्षांनी पोटात पाणी झालं म्हणून कुठल्यातरी इमर्जन्सीत हजर.

आपल्याकडचं सांगायचं तर नॉरवूड भारतात अगदी मोजक्या ठिकाणी होतं, या आजाराच्या बहुतेक बाळांपर्यंत निदानच वेळेवर पोचत नाही, त्यामुळे जाळ्याची जशीच्या तशी नक्कल करायला बसलं तर वेळ वाया जाईल. पण ग्लेन आणि फॉन्टन आपल्याकडे होतात, एका कप्प्याचे बाकीचे प्रकार असतात, शंट घालून घरी पाठवलेली बाळं असतात, आणि त्यांच्या दोन ऑपरेशनांमध्ये चार महिने नाही, कधीकधी चार वर्षं जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच झाली, त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतात, हृदयाचा दोष सापडला की पुढे पाठवतात, ऑपरेशनही होतं. केरळने २०१७ मध्ये हृद्यम नावाचा कार्यक्रम काढला, त्यात नाव ऑनलाइन नोंदवलं की तज्ज्ञ डॉक्टर तातडी ठरवतात आणि ठरलेल्या हॉस्पिटलात सरकारी खर्चाने उपचार होतात. कोणाला आधी बेड द्यायचा हे ओळखीवर नाही तर रजिस्ट्रीवर ठरतं, हा फार मोठा फरक आहे. आणि आपल्या देशातली काही हॉस्पिटलं बॉस्टनहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय गुणवत्ता प्रकल्पात आपले ऑपरेशनचे आकडे देतात, तिथेही डेटा परत येतो आणि त्यावर शिकणं चालतं.

अडतं ते डिस्चार्जच्या पुढे. योजनेच्या कागदावर केस मंजूर, ऑपरेशन झालं, पैसे जमा, फाइल बंद. शंट घेऊन गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावर परत गेलेल्या बाळाचं सहा महिन्यांनी काय झालं हे एखाद्या आशाताईला माहीत असतं, ती घरी जाते, तिच्याकडे वजनाचा काटाही असतो, नवजात बाळांच्या घरभेटींसाठी दिलेला. पण तिच्या रजिस्टरमधलं वजन आणि मुंबई-पुण्यातल्या कार्डिऑलॉजिस्टची फाइल यांची भेट होत नाही. मला विचाराल तर इथे नवं ॲप नको, डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी हव्यात: घरी जातानाचं वजन आणि ऑक्सिजन, किती घटलं की फोन करायचा, आणि फोन कोणाला. आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरला एक जास्तीचा रकाना, तीन महिन्यांनी फोन केला तेव्हा बाळ कसं होतं, आणि फोन लागलाच नाही तर तेही तिथेच लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.